सॉनिक द हेजहॉग

सॉनिक द हेजहॉग : सेगा एंटरप्राइजेस या जपानी कंपनीने १९९१ मध्ये आपल्या मेगा ड्राइव्ह या १६ बिट कन्सोलसाठी प्रसृत केलेला विख्यात व्हिडिओ गेम व त्यातील निळ्या रंगाचे नायकपात्र. दूरदर्शन संचाला जोडून घरच्या घरी खेळ खेळण्याच्या यंत्रास कन्सोल म्हणतात. ‘हेजहॉग’ म्हणजे जाहक. हा साळिंदराहून बराच लहान, अंगावर आखूड काटे असलेला आणि संकटाची चाहूल लागताच शरीराची गुंडाळी करून घेणारा सस्तन प्राणी होय. ‘सॉनिक’ हे विशेषण ध्वनीशी, येथे विशेषतः ध्वनीच्या वेगाशी, निगडित आहे. नावाप्रमाणेच वेग हा या खेळाचा प्राण मानला जातो. हा वेग यंत्राच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून जाहिरातींतून मांडला गेला. तथापि तो मुख्यतः उतार, वळणे, घर्षण व दृष्टिभ्रम यांच्या काटेकोर मोजमापातून साधलेला होता, असे या खेळाच्या घडणीवरून व उत्तरकालीन इतिहासावरून दिसून येते. त्यामुळे सॉनिकचा इतिहास हा एका लोकप्रिय पात्राच्या इतिहासापुरता मर्यादित राहत नाही. यंत्र, कारागिरी व व्यापार यांच्यातील श्रेयविभागणीचा प्रश्नही त्यातून पुढे येतो.

पूर्वपीठिका : पायऱ्या, फळ्या, कडे व खड्डे यांवरून उड्या मारीत पात्राला इष्ट स्थळी पोहोचविणे, हे ज्या खेळांचे मुख्य सूत्र असते, त्यांना ‘प्लॅटफॉर्म खेळ’ असे म्हणतात. निन्टेंडो या कंपनीच्या ‘डाँकी काँग’ (१९८१) या खेळात उडी ही मध्यवर्ती क्रिया होती. मात्र त्यातील दृश्य एका पडद्यापुरते स्थिर असे. पात्र जसजसे पुढे जाईल तसतसे संपूर्ण दृश्य बाजूला सरकविण्याची पद्धत ‘पॅक-लँड’ (१९८४) यांसारख्या खेळांतून रुळली आणि निन्टेंडोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळाने तिला प्रमाणभूत रूप दिले. कथाचित्रांची लांब गुंडाळी उलगडत जावी, त्याप्रमाणे या खेळांत भूप्रदेश डावीकडून उजवीकडे उलगडत जातो. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा १९८३ मध्ये कोसळला होता. तो पुन्हा उभा करण्यात मारिओचा वाटा मोठा होता व त्यामुळे १९८०–९० या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या व जपानच्या बाजारपेठेवर निन्टेंडोचे जवळजवळ एकछत्री वर्चस्व प्रस्थापित झाले.

सेगाची मुळे १९४० मध्ये होनोलुलू येथे सुरू झालेल्या, नाणे टाकून चालणारी करमणूक यंत्रे पुरविणाऱ्या एका अमेरिकन व्यवसायात आहेत. पुढे टोकिओतील निहोन गोराकू बुस्सान व डेव्हिड रोझेन यांची रोझेन एंटरप्रायझेस यांचे १९६५ मध्ये एकत्रीकरण होऊन सेगा एंटरप्राइजेस ही कंपनी आकारास आली. करमणूक केंद्रांतील यंत्रांच्या क्षेत्रात तिने नाव मिळविले. घरगुती यंत्रांत मात्र ती सतत मागे राहिली. तिचा एसजी-१००० हा पहिला कन्सोल आणि निन्टेंडोचा फॅमिकॉम हे दोन्ही १५ जुलै १९८३ या एकाच दिवशी जपानमध्ये विक्रीस आले, पण ग्राहकांचा कौल फॅमिकॉमला मिळाला. मारिओला तोडीस तोड म्हणून सेगाने ‘अ‍ॅलेक्स किड’ हे पात्र १९८६ मध्ये पुढे आणले. त्यालाही तेवढी लोकप्रियता लाभली नाही. अध्यक्ष हायाओ नाकायामा यांच्या कारकीर्दीत सेगाने २९ ऑक्टोबर १९८८ रोजी जपानमध्ये मेगा ड्राइव्ह बाजारात आणला. उत्तर अमेरिकेत तो १९८९ मध्ये ‘जेनेसिस’ या नावाने व यूरोपात १९९० मध्ये मूळ नावानेच विक्रीस आला. निन्टेंडोचा १६ बिट सुपर फॅमिकॉम नोव्हेंबर १९९० मध्ये ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ या खेळासह जपानमध्ये अवतरला आणि तो अमेरिकेत पोहोचण्यापूर्वी कंपनीची ओळख ठरेल असे पात्र व खेळ उभे करणे सेगाला अपरिहार्य झाले.

यंत्र व त्याच्या मर्यादा : मेगा ड्राइव्हमध्ये मोटोरोला ६८००० हा मुख्य प्रोसेसर असून तो जपान व अमेरिकेतील यंत्रांत सेकंदाला सुमारे ७६.७ लाख स्पंदांच्या गतीने चालतो. हाच प्रोसेसर सेगाच्या करमणूक केंद्रांतील यंत्रांत वापरला जात असल्याने कंपनीच्या प्रोग्रामरांचा हात त्यावर बसलेला होता. ध्वनीसाठी झायलॉग झेड८० हा दुय्यम प्रोसेसर आणि यामाहा कंपनीची सहा स्वरवाहिन्यांची चिप यांची योजना होती. मुख्य स्मृती अवघी ६४ किलोबाइट व चित्रस्मृतीही तेवढीच होती. पडद्यावरील चित्र ३२० × २२४ चित्रबिंदूंचे असे. एकूण ५१२ रंगछटांपैकी साधारण साठ छटाच एका वेळी दाखविता येत. खुद्द सॉनिकचा संपूर्ण खेळ चित्रे, संगीत व आज्ञावली यांसह ५१२ किलोबाइट क्षमतेच्या एका कार्ट्रिजमध्ये सामावलेला आहे.

एवढ्या अल्प जागेत विस्तीर्ण प्रदेश बसविण्यासाठी काटकसरीची एक उतरंड योजण्यात आली. ८ × ८ चित्रबिंदूंच्या लहान नक्ष्यांपासून १६ × १६ चे ठोकळे आणि अशा ठोकळ्यांपासून २५६ × २५६ चे मोठे खंड तयार केले जात. मग हे खंड पुनःपुन्हा मांडून टेकड्या, पूल व बोगदे रचले जात. घरबांधणीत ठरावीक मापाच्या विटांनी निरनिराळ्या वास्तू उभाराव्यात, तसाच हा प्रकार होय.

मेगा ड्राइव्ह दृश्याचे दोन स्वतंत्र पडदे एकामागे एक धरू शकतो व मागील पडदा आडव्या रेषेगणिक वेगवेगळ्या प्रमाणात सरकविता येतो. या सोयीचा लाभ घेऊन ‘ग्रीन हिल’ या पहिल्या विभागात ढग, दूरचे डोंगर व पाण्याचा पृष्ठभाग निरनिराळ्या गतींनी सरकविले आहेत. धावत्या आगगाडीतून पाहताना जवळचे खांब झपाट्याने मागे जातात आणि दूरचे डोंगर रेंगाळताना दिसतात. डोळ्यांच्या याच सवयीमुळे सपाट चित्राला खोली प्राप्त होते व वेगाचा प्रत्यय द्विगुणित होतो.

निर्मिती : या खेळाच्या निर्मितीचे श्रेय मुख्यतः तिघांकडे जाते : प्रोग्रामर यूजी नाका (१९६५– ), पात्ररचनाकार नाओतो ओशिमा (१९६४– ) आणि खेळाचे नियोजन व प्रदेशरचना करणारे हिरोकाझू यासुहारा (१९६५– ). नाका यांनी यापूर्वी ‘फँटसी स्टार’ (१९८७) या खेळात ८ बिट यंत्रावर खोलीचा भास देणारी भुयारे सरकवून दाखविली होती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला टप्पा पुनःपुन्हा खेळताना तो दर वेळी अधिक लवकर पार करावा असे आपणांस वाटे व त्यातूनच वेगावर आधारित खेळाची कल्पना सुचली, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे.

नायकाच्या निवडीसाठी ओशिमा यांनी अनेक रेखाटने केली. प्रारंभीच्या एका कल्पनेत कानांनी वस्तू पकडून फेकणारा ससा होता. परंतु वस्तू उचलण्यासाठी थांबावे लागले की धाव खंडित होते, ही तिच्यातील अडचण होती. धावता धावताच शत्रूवर आघात करता यावा, या अपेक्षेतून अंगाची गुंडाळी करणारे प्राणी विचारात आले व खवल्यांचे कवच असलेला आर्माडिलो आणि जाहक यांपैकी जाहकाची निवड झाली. ओशिमा यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपली रेखाटने दाखवून त्यांची पसंती अजमावली होती, असे त्यांनी २०१८ मध्ये एका व्याख्यानात सांगितले. त्यांतील मिशाळ गृहस्थाचे रेखाटन पुढे खलनायकासाठी उपयोगात आले. नायकाचा निळा रंग सेगाच्या बोधचिन्हाशी जुळणारा आहे. मूळ कल्पनेतील अणकुचीदार सुळे, वाद्यवृंद व मानवी प्रेयसी हे तपशील कंपनीच्या अमेरिकन शाखेच्या सूचनेवरून गाळण्यात आले. सरकत्या दृश्याचा एक प्रारंभिक नमुना टोकिओतील खेळण्यांच्या प्रदर्शनात जून १९९० मध्ये मांडला गेला. पूर्ण झालेला खेळ उत्तर अमेरिकेत २३ जून १९९१ व जपानमध्ये २६ जुलै १९९१ रोजी प्रसृत झाला.

खेळाचे स्वरूप : कथानक साधे आहे. एगमन नावाचा दुष्ट शास्त्रज्ञ लहान प्राण्यांना पकडून यंत्रांत कोंडतो आणि सॉनिक ती यंत्रे फोडून त्यांची सुटका करतो. हाच शास्त्रज्ञ जपानबाहेर डॉ. रोबॉटनिक या नावाने ओळखला गेला. ग्रीन हिल, मार्बल, स्प्रिंग यार्ड, लॅबिरिंथ, स्टार लाइट व स्क्रॅप ब्रेन असे खेळाचे सहा मुख्य विभाग असून प्रत्येकाचे तीन अंक आहेत. अखेरीस अंतिम लढतीचा एक स्वतंत्र टप्पा येतो. हिरव्या टेकड्यांपासून धूर ओकणाऱ्या कारखान्यापर्यंत जाणारा हा क्रम निसर्ग आणि यंत्र यांच्यातील विरोध सूचित करतो.

नियंत्रणाची साधने जाणीवपूर्वक कमी ठेवलेली आहेत. हातातील नियंत्रकावर तीन बटणे असली, तरी तिन्हींचे कार्य एकच, म्हणजे उडी. वाटेत सोन्याची कडी विखुरलेली असतात. जवळ एक जरी कडे असेल, तरी आघात झाल्यावर खेळाडू वाचतो; मात्र साठवलेली सर्व कडी हातची जाऊन भोवती उधळली जातात व त्यांतील काही अल्पावधीत पुन्हा वेचता येतात. एकही कडे नसेल तर मृत्यू ओढवतो. शंभर कडी जमल्यास एक अधिक प्राण लाभतो. ही योजना वेगाशी घनिष्ठपणे निगडित आहे. वेगाने धावणाऱ्या खेळाडूला पुढचा धोका वेळेवर दिसत नाही. अशा प्रत्येक चुकीला मृत्यूची शिक्षा असती, तर कोणीही धावण्याचे धाडस केले नसते. कड्यांमुळे चूक क्षम्य ठरते, पण फुकट जात नाही.

यासुहारा यांच्या प्रदेशरचनेतही हेच धोरण दिसते. बहुतेक अंकांत वरचा व खालचा असे पर्यायी मार्ग आढळतात. वरचा मार्ग टिकविण्यास कौशल्य लागते व तो सामान्यतः जलद असतो. तेथून पाय निसटल्यास खेळाडू बहुधा खालच्या, अधिक संथ मार्गावर येऊन पडतो. त्याचा खेळ संपत नाही, फक्त वेळ जातो. मार्बल विभागात लाव्हा व हलत्या शिळा, तर लॅबिरिंथमध्ये पाणी ही धावेला अडविणारी साधने आहेत. पाण्यात सॉनिकच्या हालचाली मंदावतात व श्वासासाठी बुडबुडे शोधावे लागतात. संपूर्ण खेळ वेगवान आहे ही समजूत म्हणूनच अपुरी ठरते. संथ भाग वगळले असते, तर उताराच्या धावेतील मोकळेपणा एवढा जाणवला नसता.

पहिल्या किंवा दुसऱ्या अंकाच्या शेवटी पन्नास कडी जवळ असल्यास एका मोठ्या कड्यातून विशेष टप्प्यात प्रवेश मिळतो. तेथे फिरत्या चक्रव्यूहातून रत्न मिळवावयाचे असते. अशी एकूण सहा रत्ने आहेत. मेगा ड्राइव्हमध्ये चित्र फिरविण्याची यांत्रिक सोय नव्हती. त्यामुळे ठोकळ्यांची निरनिराळ्या कोनांतील चित्रे आधीच काढून ठेवून व त्यांची स्थाने क्षणोक्षणी गणिताने ठरवून हा फिरता चक्रव्यूह साकारला आहे.

वेगाचे गणित : सॉनिकपूर्व बहुतेक प्लॅटफॉर्म खेळांत जमीन प्रायः सपाट व पायऱ्यापायऱ्यांची असे. सॉनिकमध्ये जमिनीच्या प्रत्येक १६ × १६ ठोकळ्यास त्याच्या सोळा स्तंभांची उंची सांगणारी एक यादी व उताराचा कोन दर्शविणारी एक संख्या जोडलेली आहे. पूर्ण वर्तुळाचे ३६० ऐवजी २५६ भाग मानल्याने कोन एका बाइटमध्ये मावतो आणि त्या कोनांच्या ज्या व कोज्या यांची कोष्टके आधीच तयार असल्याने गुंतागुंतीचे गणित वाचते. पात्र जमिनीवर असताना त्याचा आडवा व उभा वेग स्वतंत्रपणे न हाताळता जमिनीलगतचा एकच वेग मोजला जातो व उताराच्या कोनानुसार त्याची आडव्या व उभ्या दिशांत विभागणी केली जाते. त्यामुळे चढावर धाव मंदावते, उतारावर वाढते आणि टेकडीच्या टोकावरून मारलेली उडी उताराच्या दिशेने झेपावते.

या नियमांतील मापे बोलकी आहेत. दृश्य सेकंदास साठ वेळा बदलते. सपाट जमिनीवर धावताना सॉनिकची कमाल गती दर बदलागणिक सहा चित्रबिंदू, म्हणजे सेकंदाला ३६० चित्रबिंदू असते. ३२० चित्रबिंदूंच्या पडद्याची पूर्ण रुंदी तो एका सेकंदाच्या आत ओलांडतो. परंतु ही गती एकदम मिळत नाही. विसाव्यापासून तिथपर्यंत पोहोचण्यास दोन सेकंदांहून थोडा अधिक काळ लागतो. पायांच्या बळाने ती मर्यादा ओलांडता येत नाही. त्यासाठी उताराचेच साहाय्य घ्यावे लागते. गुंडाळी करून उतरताना उताराचा परिणाम साध्या धावेतील परिणामाच्या अडीचपट व गुंडाळीनेच चढताना होणाऱ्या परिणामाच्या चौपट धरलेला आहे. वास्तव सृष्टीत अशी असमानता नसते. ती खेळाडूच्या आनंदासाठी मुद्दाम योजलेली आहे. कोणत्या क्षणी धावायचे व कोणत्या क्षणी गुंडाळी करायची, याची जाण हेच या खेळातील खरे कौशल्य होय.

या खेळाची खूण ठरलेले उभे वर्तुळाकार वळण हे याच गणिताचे फलित आहे. जमीन, उजवी भिंत, छत व डावी भिंत अशा चार अवस्था मानून पायांखालचा पृष्ठभाग तपासण्याची दिशा त्यानुसार बदलली जाते. वेग ठरावीक मर्यादेखाली गेल्यास पात्र भिंतीवरून वा छतावरून निसटते. वर्तुळात शिरण्याची व बाहेर पडण्याची वाट पडद्यावर एकमेकींना छेदते, म्हणून पात्राच्या स्थानानुसार त्या खंडाचे योग्य रूप निवडण्याची व्यवस्था केलेली आहे. यूरोपातील दूरदर्शन पद्धतीत दृश्य सेकंदाला पन्नास वेळाच बदलत असल्याने हाच खेळ तेथे सुमारे एक-षष्ठांशाने संथ चालत असे. तरीही तेथील खेळाडूंनी त्याला वेगवान खेळ म्हणूनच स्वीकारले. खेळातील वेगाची जाणीव केवळ निरपेक्ष गतीवर अवलंबून नसते, हे यावरून लक्षात येते.

संगीत : ‘ड्रीम्स कम ट्रू’ या लोकप्रिय जपानी वाद्यवृंदाचे बासवादक मासातो नाकामुरा यांनी या खेळाचे संगीत रचले व युकिफुमी माकिनो यांनी ते यंत्राच्या स्वरवाहिन्यांत उतरविले. लोकसंगीताच्या बाजारात प्रस्थापित असलेल्या कलावंताकडे असे काम सोपविणे त्या काळी अपवादात्मक होते. ठसठशीत बास-सुरावट व गुणगुणता येईल अशी चाल ही या संगीताची वैशिष्ट्ये असून दुसऱ्या खेळाचे संगीतही नाकामुरा यांचेच आहे.

प्रसार व स्पर्धा : पूर्वी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीत काम केलेले टॉम कालिन्स्के १९९० मध्ये सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख झाले. यंत्राची किंमत उतरवावी, त्यासोबत मोफत दिला जाणारा ‘ऑल्टर्ड बीस्ट’ हा खेळ काढून त्या जागी सॉनिक द्यावा, अमेरिकन अभिरुचीचे खेळ तयार करावेत व निन्टेंडोशी उघड तुलना करणाऱ्या जाहिराती कराव्यात, अशी त्यांची योजना होती. सर्वाधिक खपू शकणारा खेळ यंत्रासोबत मोफत देण्यास जपानमधील संचालकांचा विरोध होता, पण नाकायामा यांनी संमती दिली. सुपर मारिओ वर्ल्डसह १९९ डॉलरना मिळणाऱ्या निन्टेंडोच्या नव्या यंत्रापेक्षा सॉनिकसह जेनेसिस स्वस्त होता आणि १९९१ च्या नाताळच्या हंगामात अमेरिकेत त्याने विक्रीत आघाडी घेतली. यूरोपातही मेगा ड्राइव्हला मोठा प्रतिसाद लाभला. जपानमध्ये मात्र तो सुपर फॅमिकॉम व पीसी इंजिन यांच्या मागे तिसऱ्या स्थानी राहिला.

या स्पर्धेच्या ओघात सेगाच्या अमेरिकन जाहिरातींनी ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ ही संज्ञा रूढ केली. या नावाचा कोणताही भाग यंत्रात नव्हता. जेनेसिसच्या प्रोसेसरची स्पंदगती प्रतिस्पर्धी यंत्राच्या सुमारे दुप्पट होती हे खरे. परंतु दोन्ही प्रोसेसरांची घडण भिन्न असल्याने एका स्पंदात होणारे काम सारखे नव्हते व निव्वळ आकड्यांची तुलना दिशाभूल करणारी होती. निन्टेंडोचे यंत्र रंगांची संख्या व चित्र फिरविण्याची क्षमता यांत सरस होते. यासुहारा यांच्या उतारांचे व नाका यांच्या कोष्टकांचे श्रेय अशा रीतीने चिपच्या नावावर जमा झाले.

नाका यांनी सेगाची जपानमधील नोकरी सोडल्यानंतर त्यांना कॅलिफोर्नियातील सेगा टेक्निकल इन्स्टिट्यूट या शाखेत मार्क सेर्नी यांनी आणले. यासुहाराही तेथे दाखल झाले. जपानी व अमेरिकन कारागिरांनी मिळून तेथे ‘सॉनिक द हेजहॉग २’ तयार केला. २४ नोव्हेंबर १९९२ या मंगळवारी अमेरिका व यूरोपात तो एकाच दिवशी विक्रीस आणण्यात आला. निरनिराळ्या देशांत महिन्यांच्या अंतराने खेळ पोहोचण्याच्या त्या काळात हा पायंडा नवा होता. टेल्स हा दोन शेपट्यांचा कोल्हा आणि उभ्या जागी गिरकी घेऊन वेग मिळविण्याची युक्ती ही या खेळाची मुख्य भर होय. ओशिमा यांच्या नेतृत्वाखाली जपानमध्ये ‘सॉनिक सीडी’ (१९९३) तयार झाला. त्यानंतर ‘सॉनिक ३’ आणि ‘सॉनिक अँड नकल्स’ (दोन्ही १९९४) आले. यांतील दुसऱ्या खेळाच्या कार्ट्रिजवर पहिल्याचे कार्ट्रिज बसवून दोन्ही मिळून एकच दीर्घ खेळ खेळता येई.

उत्तरकाल : १६ बिट यंत्रांच्या स्पर्धेअखेर सुपर फॅमिकॉमचा जगभरातील खप ४.९१ कोटी, तर मेगा ड्राइव्हचा सुमारे तीन कोटी झाला. सेगाच्या सॅटर्न (१९९४) या अधिक शक्तिशाली यंत्रासाठी योजलेला ‘सॉनिक एक्स-ट्रीम’ हा त्रिमितीय खेळ अर्धवट सोडून द्यावा लागला. त्या यंत्रावर सॉनिकचा जुन्या घराण्यातील नवा मोठा प्लॅटफॉर्म खेळ झालाच नाही. ड्रीमकास्ट या कन्सोलवरील ‘सॉनिक अ‍ॅडव्हेंचर’ने (१९९८) त्रिमितीत पदार्पण केले. तथापि सेगाने ३१ जानेवारी २००१ रोजी कन्सोलनिर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सॉनिकचे खेळ निन्टेंडोच्या यंत्रांवर अवतरले. एके काळचे प्रतिस्पर्धी मारिओ व सॉनिक २००७ मध्ये ऑलिंपिक क्रीडास्पर्धांवरील एका खेळात एकत्र आले.

मूळ खेळाची नवी आवृत्ती २००६ मध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातील यंत्रासाठी काढण्यात आली. या यंत्राच्या प्रोसेसरची स्पंदगती मेगा ड्राइव्हच्या दुपटीहून अधिक असूनही खेळ अडखळत व रखडत चालला आणि त्यावर कठोर टीका झाली. पुढे एका हौशी प्रोग्रामरने त्याच यंत्रावर तोच खेळ सुरळीत चालवून दाखविला. वेग कोठून येतो, या प्रश्नाचा याहून स्पष्ट निर्वाळा क्वचितच मिळेल.

श्रेय व जतन : अन्य कंपन्यांनी आपले कर्मचारी पळवू नयेत, म्हणून त्या काळी अनेक जपानी कंपन्या खेळाच्या श्रेयनामावलीत खरी नावे देत नसत. सॉनिकच्या शेवटी नाका, ओशिमा, यासुहारा व चित्रकार रिएको कोदामा यांचा उल्लेख टोपणनावांनीच येतो. तथापि निर्मात्यांनी खरी नावे खेळाच्या पोटात लपवून ठेवली होती आणि ठरावीक बटणे दाबल्यास ती वाचता येत. कारागिराने मूर्तीच्या पाठीमागे आपली खूण कोरून ठेवावी, त्यासारखीच ही कृती होय.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक देशांतील हौशी अभ्यासकांनी कार्ट्रिजमधील आज्ञा एकेक करून उलगडल्या, त्यांना अर्थपूर्ण नावे दिली आणि वेग, घर्षण व कोन यांचे नियम लिहून काढले. कंपनीने न केलेले टीकालेखनाचे काम अशा प्रकारे वाचकांनी केले. या परंपरेतूनच पुढे आलेले ऑस्ट्रेलियन प्रोग्रामर क्रिस्चन व्हाइटहेड यांच्याकडे सेगाने ‘सॉनिक सीडी’ (२०११) आणि पहिले दोन खेळ (२०१३) यांच्या नव्या आवृत्त्या सोपविल्या. त्यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेल्या ‘सॉनिक मेनिया’ (२०१७) या नव्या खेळात १९९१ चे गणित जवळजवळ तसेच राखलेले असून त्याचे मोठे स्वागत झाले.

अन्य क्षेत्रांतील पडसाद : कशेरुकी प्राण्यांच्या भ्रूणात अवयवांची मांडणी ठरविण्यात महत्त्वाचा वाटा असलेल्या एका जनुकास हार्व्हर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये ‘सॉनिक हेजहॉग’ हे नाव दिले. फळमाशीत आधी सापडलेल्या ‘हेजहॉग’ जनुकाचा तो आप्त आहे. या जनुकातील दोषांमुळे अर्भकाच्या मेंदूत व चेहऱ्यात गंभीर व्यंगे उद्भवू शकतात. त्यामुळे असे गमतीचे नाव पालकांसमोर उच्चारणे उचित आहे काय, याविषयी वैद्यकीय क्षेत्रात चर्चा झाली. न्यूयॉर्क येथील मेसीज कंपनीच्या वार्षिक मिरवणुकीत १९९३ मध्ये सॉनिकचा प्रचंड फुगा मिरविण्यात आला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील खेळविषयक संग्रहालयाने २०१६ मध्ये या खेळाचा आपल्या गौरवयादीत समावेश केला. सॉनिकवरील चित्रपट २०२०, २०२२ व २०२४ मध्ये प्रदर्शित झाले. भारतात मेगा ड्राइव्हचे अधिकृत वितरण १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीमार्फत सुरू झाले. मात्र महाग पडणाऱ्या या यंत्रापेक्षा फॅमिकॉमच्या स्वस्त नकला शहरांतून अधिक पसरल्या. परिणामी येथील त्या पिढीच्या स्मरणात सॉनिकपेक्षा मारिओचे स्थान मोठे राहिले.

मूल्यमापन : ‘सॉनिक द हेजहॉग’ने प्लॅटफॉर्म खेळात उतार, गतिवृद्धी व संवेग यांना मध्यवर्ती स्थान दिले आणि निन्टेंडोचे वर्चस्व अभेद्य नसल्याचे सिद्ध केले. व्यापारी स्पर्धेत त्याच्या मालकांना मिळालेला विजय मात्र अल्पकालीन ठरला. ज्या यंत्राच्या नावावर त्याचा वेग विकला गेला, त्याचे उत्पादन सेगाने केव्हाच बंद केले आहे. ६४ किलोबाइट स्मृतीत बसविलेली ती मापे मात्र फोन व संगणकांसारख्या सर्वस्वी भिन्न यंत्रांवरही तशीच अचूक ठरली आहेत.